मुळेसाहेबांचे बंद युजर

कुणाबद्दल वाईट बोलू नये, आणि माणूस नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर मुळीच बोलू नये, असं माझ्या आईचं मत आहे. आईला मुळेसाहेबांच्या टेबलापुढं उभं राहून कधी पासवर्ड मागावा लागला नाही, त्यामुळं या बाबतीत तिच्या मताला मी किंमत देत नाही.

दिगंबर मुळे त्यांचं नाव. आमची कंपनी वाळूजला आहे, गाड्यांना लागणारे रबरी भाग बनवते. तिच्या हिशेबखात्यात मी नोकरीला लागले तेव्हा मुळेसाहेब तिथं मुरलेले होते. कागदोपत्री ते सीनिअर अकाउंटंट, पण हिशेबाला त्यांनी हात लावलेला मी कधी पाहिला नाही. कंपनीनं हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा मालकांनी त्यांना पुण्याला त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका छोट्या कोर्सला पाठवलं, आणि तिथून ते ॲडमिन होऊनच परतले. ॲडमिन म्हणजे ज्याच्या हातात सगळ्यांच्या किल्ल्या. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काय दिसू द्यायचं, कुणाचं लॉगिन बंद करायचं आणि बंद पडलेलं कधी उघडायचं, हे सगळं ते ठरवणार. त्या कोर्सात ते नेमकं काय शिकले हे आम्हाला फार उशिरा कळलं. फारसं काही नाही, असं कळलं.

उंच, काटकुळे, केसांना न चुकता कलप लावायचे आणि मिशीला लावायचं विसरायचे. वर्षाचे बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. वाळूजला मे महिन्यात पत्र्याखाली माणसं भाजून निघायची, आणि हे स्वेटर घालून बसायचे, कारण हिशेबखात्यातला एकुलता एक एसी त्यांच्या केबिनमध्ये होता. म्हणायला तो सर्व्हरसाठी होता. त्यांच्या केबिनमध्ये कुणी गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "दार लावा, गार हवा जाते." काम काय, हे त्यानंतर. बऱ्याचदा त्यानंतरही नाही.

पासवर्ड टाकताना ते खिशातला रुमाल काढून कीबोर्डवर पसरायचे आणि रुमालाखाली हात घालून टाइप करायचे. समोरचा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा असला तरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हात पुसतायत.

माणसाला ते नावानं हाक मारायचे नाहीत. आम्ही सगळे युजर. "डिस्पॅचच्या युजरला बोलवा." "बिलिंगच्या दोन युजरपैकी ती बाई कुठं गेली?" आणि लॉगिनची कसलीही तक्रार घेऊन गेलं की मान न उचलता एकच उत्तर, "सिस्टिम चुकत नाही. युजर चुकतो." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर इतक्यांदा म्हटलंय, की घरी मिक्सर बंद पडला तरी ते मला ऐकू यायचं.

माझं लॉगिन त्यांनी बनवलं त्या दिवशीची गोष्ट. मी समोर उभी, खुर्ची होती पण तिच्यावर त्यांचा डबा होता. त्यांनी विचारलं, "नाव?" मी म्हणाले, ज्योती साळवे. त्यांनी इंग्रजीत टाइप केलं आणि मधला वाय खाल्ला. मी जोती झाले. मी म्हणाले, "सर, एक अक्षर राहिलं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "राहिलं म्हणजे?"

"वाय राहिला, सर. ज्योतीमधला."

"आता झालं. युजरचं नाव एकदा बनलं की बदलता येत नाही. सिस्टिम स्वीकारत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तुम्हाला काय फरक पडतो?"

तेव्हापासून मी बनवलेल्या प्रत्येक व्हाउचरच्या खाली बारीक अक्षरांत जोती साळवे छापून यायचं. लोक मला फोनवर जोतीताई म्हणू लागले. माझ्या वडिलांनी एकदा असा एक कागद बघितला आणि ते एवढंच म्हणाले, "शाळेत तुझं नाव नीट लिहून घ्यायला मी हेडमास्तरशी भांडलो होतो."

कुणी रजेवर गेलं की मुळेसाहेब त्याचं लॉगिन बंद करून टाकायचे. सुरक्षेसाठी, म्हणायचे. चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी मी दरवर्षी रजा घेते, कारण मिरवणुकीनंतर आमच्या भीमनगरात कुणी सकाळी उठत नाही. एका वर्षी कामावर आले तर लॉगिन बंद. विचारायला गेले तर म्हणाले, "मला वाटलं तुम्ही सोडून गेलात." शबानाचं तर ईदनंतर हमखास बंद. पण बिलिंगचे शिंदे पेरणीला आठवडाभर सोयगावला जायचे, त्यांचं लॉगिन कधी बंद झालं नाही. शिंदे येताना केळीचा घड आणायचे. शबानाही ईदला शिरखुर्म्याचा डबा आणायची, तो मुळेसाहेब "ठेवा" म्हणून घ्यायचे आणि तिची पाठ वळली की वॉचमनकडं पाठवायचे. वॉचमन संध्याकाळी धुतलेला डबा शबानाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आपा, लई झकास झालता." मुळेसाहेबांना आवडला की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. डबा आणायचंही थांबवलं नाही.

शबाना शेख बिलिंगला होती. छावणीत राहायची. नगर नाक्यावर आम्ही दोघी एकाच वेळी कंपनीच्या बसमध्ये चढायचो. नवरा शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायचा, थोरली मुलगी नर्सिंगला होती. शबाना बोलत बोलत बिल बनवायची आणि तिचं बोलणं संपायच्या आत प्रिंटरमधून कागद बाहेर यायचा. बिल झाल्याशिवाय ट्रक गेटबाहेर पडत नाही, त्यामुळं कंपनीचा माल खऱ्या अर्थानं तिच्या बोटांवर हलायचा. मुळेसाहेबांच्या हिशेबी ती "बिलिंगची बाई".

आमच्याकडं लाइट जायची. जनरेटर सुरू व्हायच्या आत कॉम्प्युटर बंद पडायचे, आणि परत चालू केले की सॉफ्टवेअर म्हणायचं, हा युजर आधीच आत आहे. म्हणजे तुम्ही बाहेर उभ्या, आणि सिस्टिमच्या मते तुम्ही आत बसलेल्या. आत अडकलेलं हे लॉगिन ॲडमिननं सोडवायचं. ते सोडवायला किती वेळ लागतो हे आता मला माहीत आहे. चहाचा घोट गिळायला लागतो त्याहून कमी.

एका दुपारी असंच झालं. शिंदे रजेवर. गेटवर माल भरलेला ट्रक उभा, पलीकडं गिऱ्हाइकाच्या कारखान्यात आमच्या मालावाचून काम थांबायची वेळ आलेली, आणि शबानाचं लॉगिन अडकलेलं. ती केबिनकडं गेली. काचेतून दिसत होतं, मुळेसाहेब डबा उघडून बसले होते. तिनं दारावर टकटक केली. त्यांनी डाव्या हातानं थांबा अशी खूण केली आणि घास चावत राहिले. ती उभी राहिली. गेटवरनं डिस्पॅचवाले फोन करायला लागले. तिनं पुन्हा टकटक केली, दार थोडं उघडून म्हणाली, "साहेब, गाडी खडी है. फक्त लॉगिन सोडा."

"मी जेवतोय ना? तुम्हाला दिसत नाही?"

"साहेब, एक मिनिटाचं काम आहे."

"मग तुम्हीच करा." आणि परत डब्यात. "दार लावा, गार हवा जाते."

पोळी, भाजी, मग ताक. मग दात कोरणं. मग बेसिनवर जाऊन चूळ भरणं, आणि परत येऊन रुमाल पसरणं. गिऱ्हाइकाचं काम तोवर थांबलं होतं आणि त्यांच्याकडून ओरडा आला. दुसऱ्या दिवशी शबानाला मेमो मिळाला. युजरनं सिस्टिममधून व्यवस्थित बाहेर न पडल्यामुळं खोळंबा झाला, असं त्यात होतं. खाली सही मुळेसाहेबांची. शबानानं तो मेमो मला बसमध्ये वाचून दाखवला आणि म्हणाली, "लाइट गेली तर मी व्यवस्थित बाहेर कशी पडू, जोती? खिडकीतनं उडी मारू?"

ती हसली, पण नगर नाका येईपर्यंत मेमो उघडून परत परत वाचत राहिली.

तिचं लॉगिन पुढंही बिघडतच राहिलं. कधी पासवर्ड चालायचा नाही, कधी आत गेल्यावर स्क्रीन कोरी. अशा वेळी मुळेसाहेब त्यांची खास दुरुस्ती करायचे. जुना युजर बंद करून टाकायचा आणि नवा बनवायचा. शबाना होती, तिची शबाना दोन झाली, मग शबाना तीन. शिंदे सोडून आम्हा सगळ्यांचंच असं होत आलं होतं. नवं लॉगिन देताना ते असा चेहरा करायचे, की ऑपरेशन करून बाहेर आलेत. "झालं. आता जपून वापरा." आणि आम्ही थँक्यू सर म्हणून बाहेर यायचो. इतकी वर्षं आम्ही त्या माणसाला थँक्यू म्हटलं, याचा मला अजून राग येतो.

मग धाकटे शेठ कारभार बघायला लागले. मालकांचा मुलगा, बाहेर शिकून आलेला, वागायला सभ्य, पण माणसापेक्षा रिपोर्ट आधी बघायची सवय. बिलिंगला दोन माणसं कशाला, एक पुरेल, असं त्यांच्या डोक्यात आलं. कुणाला ठेवायचं हे ठरवायला त्यांनी मुळेसाहेबांकडून सिस्टिमचा रिपोर्ट मागवला, कुणी किती काम केलंय त्याचा. रिपोर्टात शिंद्यांची वर्षानुवर्षांची कामं होती. शबानाची नुसत्या गेल्या काही महिन्यांची. म्हणजे शबाना तीनची. शबाना आणि शबाना दोन त्यात नव्हत्याच.

धाकट्या शेठनी विचारलं, "या बाई एवढ्या जुन्या आहेत, मग काम एवढंसंच कसं?"

मी तेव्हा पेमेंटच्या सह्या घ्यायला तिथंच उभी होते. मुळेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "रिपोर्ट सिस्टिमचा आहे, सर. मी काही बोलणं बरोबर नाही."

त्यांना माहीत होतं. तिन्ही युजर त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवले होते. एक वाक्य बोलायचं होतं, सर, हिचे जुने युजर मी बंद केलेत. पण ते वाक्य बोललं असतं तर ते का बंद केले हा प्रश्न आला असता. त्यापेक्षा एका बाईची नोकरी जाणं त्यांना सोपं वाटलं. मी बोलायला तोंड उघडलं तर धाकटे शेठ फोनवर बोलत बाहेर निघून गेले.

मी शबानाला सांगितलं. ती तडक केबिनमध्ये गेली. दार लावलं नाही.

"साहेब, माझं जुनं काम रिपोर्टात दिसत नाय म्हणे."

"दिसत नसेल."

"माझे युजर तुम्हीच बदललेत ना? मग एवढं फक्त धाकट्या शेठना सांगा."

"मी काय सांगणार? सिस्टिममध्ये जे दिसतं ते दिसतं."

"पण तुम्हाला तर ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? सिस्टिमला ठाऊक पाहिजे."

शबाना एवढ्या शांतपणे बोलली, की बाहेर आम्ही सगळे हात थांबवून ऐकत होतो. "तो मैं इतने साल इधर क्या भजी तल रही थी, साहेब? गाड्या कोण सोडत होतं? भूत?"

"आवाज वाढवू नका."

"आवाज वाढवलाच नाय मी."

"दार लावा."

तिनं दार लावलं नाही. येऊन जागेवर बसली आणि पुढचं बिल काढायला घेतलं. बसमध्ये मी म्हणाले, वरचा बघून घेईल. ती म्हणाली, "वरच्याला लई कामं आहेत. त्याला आमचं लॉगिन बघायला सांगू का आता?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मुलीचं शेवटचं वर्ष आहे गं." एवढंच.

त्या प्रकारानंतर मुळेसाहेबांना संशय आला, की आम्ही त्यांचा पासवर्ड चोरून बघणार. संध्याकाळी जाताना त्यांनी ॲडमिनचा पासवर्ड बदलला. मी काचेतून बघत होते. रुमाल पसरला, हात खाली घातले, एकदा टाइप केलं, खात्रीसाठी परत एकदा टाइप केलं, रुमालाची घडी घातली आणि दिवा बंद करून निघाले.

दुसऱ्या दिवशी रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. सकाळीच लाइट गेली आणि आली. सगळ्यांची लॉगिनं आत अडकली. एकजात सगळ्यांची. आम्ही ओळीनं केबिनबाहेर उभे राहिलो, नेहमीसारखे. मुळेसाहेबांनी रुमाल पसरला. मग परत टाइप केलं. मग परत. मग रुमाल बाजूला केला. तेव्हा मला कळलं, की काहीतरी खरोखर बिघडलंय.

"सर्व्हर डाऊन आहे," ते म्हणाले. "जागेवर जाऊन बसा."

थोड्या वेळानं म्हणाले, पुण्याहूनच प्रॉब्लेम आहे. मग म्हणाले, सरकारची साइट बंद आहे, तिचा परिणाम. दार लावलेलं होतं, एसी चालू होता आणि त्यांच्या कलप लावलेल्या केसांतून घाम कानाशी उतरत होता. गेटवर ट्रक उभे राहायला लागले. शेवटी धाकटे शेठ स्वतः आले. आम्ही सगळे त्यांच्यामागं दारात. ते खाली वाकले आणि स्क्रीनवर लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, "आपलं खातं लॉक झालं आहे. कृपया आपल्या ॲडमिनशी संपर्क साधा."

त्यांनी मान वळवली. "ॲडमिन कोण आहे?"

"मी," मुळेसाहेब म्हणाले.

"मग साधा संपर्क."

मागं कुणीतरी हसलं. मी नव्हते, पण मला असायला आवडलं असतं.

त्याच स्क्रीनच्या खाली मदतीचा फोन नंबर लिहिलेला होता. पहिल्या दिवसापासून होता. मुळेसाहेबांनी त्याच्यावर कधी फोन केला नव्हता, कारण फोन केला असता तर ते विचारतायत हे कुणाला तरी कळलं असतं. धाकट्या शेठनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडं एक मुलगी होती, आवाजावरून आमच्या शबानाच्या थोरलीएवढी. तिनं कंपनीची खात्री करून घेतली, धाकट्या शेठच्या मोबाइलवर आलेला आकडा विचारला आणि पुण्यात बसून मुळेसाहेबांची स्क्रीन ताब्यात घेतली. बाण आपोआप हलायला लागला. मुळेसाहेबांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच नुसते बसलेले दिसले.

"सर, काल पासवर्ड बदलताना कॅप्स लॉक चालू होतं का?"

"कॅप्स लॉक मी वापरत नाही."

"चुकून दाबलं गेलं असेल, सर. कीबोर्डकडं बघून टाइप करायचं. झालं, उघडलं." आणि अडकलेली लॉगिनं तिनं बोलता बोलता सोडवली. बाहेर आमचे कॉम्प्युटर एकामागून एक जागे झाले. पण जागेवर कुणी गेलं नाही, कारण ती पुढं बोलत होती.

"सर, एक विचारू? तुमच्याकडं बंद केलेले खूप युजर दिसतायत. हे एवढे लोक सोडून गेलेत का?" आणि ती वाचायला लागली. "जोती, जोती दोन, शबाना, शबाना दोन…"

शबाना दारातून पुढं आली. मोबाइलजवळ वाकून म्हणाली, "नाय मॅडम. मी कुठं नाय गेले. इथंच उभी आहे."

ती मुलगी म्हणाली, "मग नवीन युजर कशाला बनवले? पासवर्ड रीसेट करायचा असतो फक्त. हे बघा, हे बटण. असं केल्यानं माणसाचं जुनं काम बंद युजरवरच राहून जातं ना. रिपोर्टात येत नाही."

धाकटे शेठ हळूच म्हणाले, "रिपोर्टात कसं आणायचं?"

"इथं, सर. 'बंद युजरही दाखवा'. टिक करा."

बाण गेला, टिक झाली. बिलिंगचा रिपोर्ट परत उघडला, आणि शबानाच्या तीन नावांखाली तिची सगळी वर्षं स्क्रीनवरून खाली सरकत गेली. धाकटे शेठ बघत होते. शिंदे माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, "मला ठाऊकच होतं. बाई माझ्या दुप्पट काम करती." ठाऊक होतं तर आधी बोलायचं होतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या दिवशी माझा सगळा राग मला एकाच माणसासाठी राखून ठेवायचा होता.

मग मुळेसाहेब बोलले. सवयीनं बोलले असावेत. "ही युजरची चूक आहे."

"कौनसे युजर की, साहेब?" शबानानं विचारलं.

ते तिच्याकडं न बघता स्क्रीनकडं बघत राहिले. मी तेवढ्यात पुढं होऊन त्या मुलीला विचारलं, की एखाद्याच्या नावात अक्षर राहिलं असलं तर ते घालता येतं का. ती म्हणाली, कोणतं? मी म्हणाले, वाय. तिनं घातला. मी जाऊन जागेवर बसले, एक व्हाउचर काढलं आणि नीट घडी घालून वडिलांसाठी पर्समध्ये ठेवलं.

आता कुणाला वाटेल, की मुळेसाहेबांना कंपनीनं काढून टाकलं असेल. कंपन्या असं काही करत नाहीत. मोठ्या मालकांना जुन्या माणसाचा संकोच होता, निवृत्तीही जवळ आली होती. त्यांची केबिन राहिली, एसी राहिला, फक्त ॲडमिनचं लॉगिन शबानाकडं गेलं. शिंदे स्टोअरला गेले आणि तिथं खूश होते. मुळेसाहेबांनी त्या उरलेल्या काळात एकच काम केलं. पुण्याच्या त्या मुलीच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल तक्रार करावी, असं धाकट्या शेठना तोंडी सुचवलं. ते हो म्हणाले आणि विसरले.

शबानाच्या हातात ॲडमिन आलं तेव्हा पहिल्या दिवशी मी सवयीनं तिच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. ती चिडली. "तू खडी क्यों है? बस ना. नाय तर तिथनंच हाक मार." पुढं आम्ही तिथनंच हाक मारू लागलो. "शबाना, अडकलं गं." "झालं. बघ." पोळीचा घास तोंडात असतानाही सोडायची. नर्सिंगवाली थोरली घाटीच्या सरकारी दवाखान्यात शिकाऊ म्हणून लागली, त्याचे पेढेही तिनं तशीच जागेवरून हाका मारून वाटले.

निरोपसमारंभात मुळेसाहेबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. ते भाषणात म्हणाले, की सिस्टिम त्यांनी पोटच्या मुलासारखी सांभाळली आणि ते गेल्यावर ती किती दिवस चालेल याची त्यांना काळजी वाटते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल शबानानंच पांघरली त्यांच्या खांद्यावर, कारण कार्यक्रमाची यादी करणाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. ती उंचीनं कमी पडत होती. ते वाकले नाहीत. तिनं टाचा उंचावून घातली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात. आमच्या ऑडिटरच्या मुलीचं लग्न होतं. मी ताट घेऊन बसायला जागा शोधत होते तर ओळखीचा आवाज आला. मुळेसाहेब पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते, उन्हाळा असून स्वेटरऐवजी कोट. शेजारी त्यांच्या पत्नी, हातात ताट. साहेब गोष्ट सांगत होते आणि चार-सहा माणसं माना हलवत ऐकत होती.

"रिटर्नची शेवटची तारीख. सगळी सिस्टिम ठप्प. गेटवर ट्रकची रांग. मालकाचा मुलगा रडकुंडीला आलेला. पुण्याला फोन लावला तर तिथं एक पोरगी, तिला काही कळेना. मग मी तिला फोनवर एकेक पायरी सांगत गेलो. हे उघड, ते दाब. तासाभरात सगळं चालू. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की एका गरीब बाईचं सगळं काम रिपोर्टातून गायब झालंय. मी म्हटलं, थांबा. आधी हिचं काम दाखवा, मग माझा राजीनामा घ्या. नोकरी वाचली तिची."

मी ताट घेऊन तिथंच थांबले. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं आता अडखळतील, विषय बदलतील, निदान डोळे तरी वळवतील. त्यातलं काही झालं नाही. त्यांचा चेहरा उजळला. "आल्या बघा. विचारा यांना. या होत्या तिथं."

सगळे माझ्याकडं वळले. खोटं पकडलं जाण्याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हती. त्या माणसाला खरंच तसं झालेलं आठवत होतं. मी त्यांच्या पत्नीकडं बघितलं. त्या ताटातल्या भाताकडं बघत होत्या, चमच्यानं तो एका बाजूला सारत, परत दुसऱ्या बाजूला सारत. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि जेवण झाल्यावर त्यांना याच माणसाबरोबर रिक्षात बसून घरी जायचं होतं.

"होते मी तिथं," मी म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीकडं चालायला लागले.

"बघा!" माझ्यामागं मुळेसाहेब म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"